ऑलिव्हचा पंचनामा

ऑलिव्ह हे लोणचं आहे, असा निकाल नागपुरात एकदा रीतसर लागला, आणि तो माझ्यामुळे लागला.

तुम्हा दोघांना यात नवल वाटणार नाही. तुमच्याकडे ऑलिव्हची बाटली फ्रिजच्या दारातच उभी असते, आणि धाकटे चिरंजीव ती बी काढलेली फळं बोटांच्या टोकांवर टोप्यांसारखी चढवून एकेक करून खातात, असं तुमच्या आईने मला फोनवर सांगितलं. (हे चांगलं नाही. काटा-चमचा कशासाठी असतो?) पण ही गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. तेव्हा आमच्या प्रताप नगरात निम्मे प्लॉट रिकामे होते, फ्रिज अख्ख्या गल्लीत एकच होता, आणि ऑलिव्ह फक्त इंग्रजी पुस्तकांत राहत असे.

परदेशी खाण्याची वस्तू देशात आणायची तर सरकार तिच्यावर एवढी ड्युटी लावी, की वस्तू परवडली तरी ड्युटी परवडत नसे. मला याचं फार कुतूहल होतं. तुमचे आजोबा सरकारी इंजिनिअर. पूल असो की पोळी, ते आधी पाया तपासत. म्हणून एकदा जेवताना मी त्यांनाच विचारलं.

"अहो, ऑलिव्हने देशाचं काय वाकडं केलंय?"

"देशाकडे परदेशी पैसा मोजका. तो यंत्रांवर खर्च करायचा, औषधांवर करायचा, की तुझ्या ऑलिव्हवर?"

"माझ्या कशाला? मी कुठे मागवलंय?"

"तू मागवू नयेस म्हणूनच ड्युटी. चैनीच्या पदार्थावर कर असा हवा, की घास गिळताना माणसाला देश आठवला पाहिजे."

"आणि चैनीचा पदार्थ कोणता, हे ठरवतं कोण?"

आजोबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "वरण वाढ."

म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं! पण 'माहीत नाही' हे दोन शब्द आमच्या घरात कोणालाच सहज उच्चारता येत नसत. आजोबांना थोडेफार तरी येत, मला मुळीच नाही. आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

दर गुरुवारी दुपारी आमच्या व्हरांड्यात गल्लीतल्या बायका जमायच्या. कोणी तांदूळ निवडायच्या, कोणी वाती वळायच्या, आणि मी एखाद्या इंग्रजी कादंबरीचं एक प्रकरण मराठीत सांगायची. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलेलं, त्यामुळे सगळ्या मला 'बाई' म्हणत. आमच्या या गुरुवारच्या मंडळात कोणी प्रश्न विचारला आणि बाईंना उत्तर आलं नाही, असं कधी घडलं नव्हतं. (म्हणजे मला सगळं येत होतं, असं नव्हे.)

सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायच्या गावंडेकाकू. आमच्यापासून तिसरं घर. रामटेकजवळ त्यांची धानाची शेती. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण लोणच्यात त्यांचा हात धरणारं नागपुरात कोणी नव्हतं. कैरीचं, करवंदाचं, भोकराचं. त्यांच्या बरण्या अख्ख्या गल्लीत फिरत आणि रिकाम्या होऊन परत जात.

एका गुरुवारी कादंबरीतली मंडळी झाडाखाली बसून पाव आणि ऑलिव्ह खाऊ लागली. मी पुढे जाणार, तेवढ्यात काकूंनी वात अर्ध्यावर थांबवली.

"थांबा वं बाई! ऑलिव्ह म्हंजे काय?"

"एक फळ असतं."

"ते लागते कसं?"

इथे मी 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. पंधरा बायका हातातलं काम थांबवून माझ्याकडे पाहत होत्या. मी पदर नीट केला आणि म्हणाले, "गोड. आपल्या खिरणीसारखं. पण किंचित गुलाबाचा वास."

"तुमी खाल्लं आहे?"

"हो. मुंबईला."

एकदा मुंबई तोंडातून गेली, की माणूस थांबत नाही. मग मी सांगितलं की ते जेवणानंतर खातात. मग सांगितलं की लहान मुलांना फार आवडतं. काकू इतक्या रंगल्या, की म्हणाल्या, "असं असंल तं त्याचा मुरंबा लय झकास होईन! बाई, कधी भेटलं तं मले द्या, मी करून दाखवतो."

त्या गेल्या. आता कुठून तरी मला खरी चव कळायला हवी होती, म्हणजे पुढच्या एखाद्या गुरुवारी ती हळूच दुरुस्त करता आली असती. माझा धाकटा भाऊ वसंता तेव्हा कारखान्यातर्फे यंत्रं शिकायला इटलीला गेला होता. मी त्याला पत्र लिहिलं: 'ऑलिव्ह चवीला कसे असते, ते एका ओळीत कळव.'

वसंताने आयुष्यात कधी काही एका ओळीत केलेलं नाही. त्याने बाटली पाठवली!

ती आली असती आणि मी गुपचूप एक खाल्लं असतं, तर काही बिघडलं नसतं. पण आली ती बाटली नव्हे, चिठ्ठी. आमच्या पोस्टमनला एक सवय होती. तो चिठ्ठी देण्याआधी मोठ्याने वाची, म्हणजे घेणाऱ्याला चष्मा शोधावा लागू नये. तो फाटकाबाहेरूनच ओरडला.

"बाई! तुमचं इटलीवरून पार्सल येऊन राहिलं होतं, ते अडकलं! ऑलिव्ह का काय ते आहे. मुंबईवाल्याईले समजलंच नाही ते काय आहे. म्हणते, नागपूरवाल्यानं ठरवा, ड्युटी लावा, मंग द्या!"

तिसऱ्या घराची खिडकी उघडली.

"आलं का वं बाई? खिरनीवालं?"

"अडकलंय, काकू. मी उद्या जाऊन सोडवून आणते."

"एकट्या काहून जाता? सरकारी कचेरीत दोघीनं गेलेलं बरं. अन् मले पाहाचं बी आहे."

मी आजोबांना म्हटलं, तुम्ही जा. ते म्हणाले, "मी सरकारी नोकर. मी गेलो तर लोकांना वशिला वाटेल. तू गेलीस तर नुसतं भांडण वाटेल."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सायकलरिक्षातून सिव्हिल लाइन्सला निघालो. माझा बेत साधा होता: बाटली ताब्यात घ्यायची, काकूंना काही तरी कारणाने दोन मिनिटं दूर करायचं, एक फळ तोंडात टाकायचं, आणि मग काय सांगायचं ते रिक्षात ठरवायचं. दोन मिनिटं! यापेक्षा जास्त मला सरकारकडून काही नको होतं.

त्या कचेरीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिथली माणसं चांगली होती. साहेबांचं आडनाव काळबांडे. त्यांनी कपाटातून बाटली काढून टेबलावर ठेवली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा ऑलिव्ह पाहिलं. हिरवी, गुळगुळीत फळं, गढूळ पाण्यात अगदी शिस्तीत बसलेली. मी पाहतच राहिले. पंचवीस वर्षं ज्यांच्याबद्दल वाचलं, ती ही!

काकूंनी वाकून पाहिलं. "हे तं भोकरं आहेत!"

"भोकरं नाहीत, काकू."

"मंग पान्यात काहून बुडवले? खिरनी कोनी पान्यात बुडवते का?"

मी हा प्रश्न ऐकलाच नाही. काळबांडेसाहेबांनी बाटली माझ्याकडे सरकवली. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता. हे लेबल वाचा बरं. आमच्या इथं कोणाले हे इंग्रजी जमून नाही राहिलं."

ते इंग्रजी नव्हतंच, इटालियन होतं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. हे सांगायला काय हरकत होती? पण काकू माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. मी चष्मा पुसला आणि वाचलं, "उत्तम प्रतीची फळे. थंड जागी ठेवावीत."

"फळं?" साहेबांनी एक जाडजूड पुस्तक ओढलं. "मग पाहू द्या."

मुलांनो, खरं सांगते, मला ते पुस्तक फार आवडलं. जगातला प्रत्येक पदार्थ त्यात कुठल्या ना कुठल्या खणात बसवलेला होता. मासा बर्फात असला तर एका पानावर, डब्यात असला तर दुसऱ्या. माझ्या स्वयंपाकघरातले डबे चिठ्ठ्या लावून ओळीने मांडलेले असत आणि सगळे मला हसत. इथे सरकारने अख्ख्या पृथ्वीला चिठ्ठ्या लावल्या होत्या! मी खुर्ची पुढे ओढली आणि साहेबांबरोबर वाचू लागले.

"ताजं फळ असंल तं ड्युटी कमी," साहेब म्हणाले. "पण हे पाण्यात आहे. पाण्यात म्हणजे टिकवलेलं. बाटलीत टिकवलेलं परदेशी फळ म्हणजे चैन. चैनीले सगळ्यात जास्त ड्युटी."

त्यांनी आकडा कागदावर लिहून दाखवला. मी आजोबांची आठवण काढली. घास गिळायच्या आधीच मला देश आठवला होता.

"औषध असेल तर?" मी विचारलं.

"डॉक्टरची चिठ्ठी?"

"नाही."

"मग औषध नाही."

"साहेब, चैनीचं काय आणि गरजेचं काय, हे ठरवतं कोण?"

"दिल्ली."

"दिल्लीतल्या लोकांनी ऑलिव्ह खाल्लंय?"

काळबांडेसाहेबांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "खाल्लं असंल तं परदेश दौऱ्यावर खाल्लं असंल. पोटात घालून आणलेल्या मालावर ड्युटी बसत नाही, मॅडम."

इतक्यात काकू मध्ये पडल्या. त्यांनी बाटली उजेडात धरून हलवली होती. "साहेब, हे मिठाचं पानी आहे. खाली साका बसला, दिसते न? मिठाच्या पान्यात घातलेलं हिरवं फळ म्हंजे लोनचं! आमी भोकरं अशीच ठेवतो. लोनचं काई चैन आहे का? गरीब मानूस बी भाकरीसंगं लोनचंच खाते!"

साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी पानं उलटली. लोणच्याचं पान निघालं, आणि त्यावरची ड्युटी चैनीच्या मानाने पुष्कळच कमी होती.

"मॅडम, लोणचं आहे का हे?"

आता माझी अवस्था पाहा. 'गोड फळ आहे' म्हणावं, तर ती भलीमोठी ड्युटी. 'लोणचं आहे' म्हणावं, तर मंडळातली खिरणी, गुलाब आणि मुंबई एका फटक्यात खोटी! एका बाजूला आजोबांचा पगार, दुसऱ्या बाजूला माझी अब्रू. आणि दोन्हींच्या मध्ये गावंडेकाकू, हातात बाटली धरून.

"तसं म्हणायला गेलं तर," मी म्हणाले, "इंग्रजी दृष्टीने ते फळ आहे आणि भारतीय दृष्टीने लोणचं."

"एकच खण भरता येते, मॅडम."

"मग चाखून पाहू या!" मी चटकन म्हणाले. सोन्यासारखी संधी होती. सरकारच्या परवानगीने चव कळली असती! मी हात पुढे केला. साहेबांनी बाटली मागे घेतली.

"तुम्हाले नाही चाखता येणार. तुम्ही मालक. तुमचा फायदा आहे न यात, तुमची साक्ष धरता येत नाही. रीतसर पंचनामा करू. पंच चाखतील."

पंच म्हणून हेडक्लार्क आले, शिपाई नामदेव आला, आणि लोणच्याच्या जाणकार म्हणून गावंडेकाकू. बाटली उघडली. हेडक्लार्कांनी एक तोंडात टाकलं, आणि त्यांचा चेहरा लहान मुलाला एरंडेल दिल्यासारखा झाला.

"कडू! हे औषधच आहे."

"लोनचंच आहे साहेब," नामदेव म्हणाला, "पन मसाला टाकाचा इसरले."

एकमत होईना म्हणून शेजारच्या खोलीतून आणखी दोघं आणले. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले. लोणचं ठरवायचं तर पोळीशी लावूनच पाहायला हवं, असा मुद्दा निघाला. मुद्दा बिनतोड होता. हेडक्लार्कांनी मत पक्कं करायला आणखी तीन खाल्ली. ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, ते दारातून डोकावून विचारू लागले, "आमाले बी पंच करा न साहेब!" काळबांडेसाहेबांनी स्वतः चार खाल्ली, कारण त्यांचं मत बनता बनत नव्हतं. मी खुर्चीत हात बांधून बसले होते आणि पातळी उतरताना पाहत होते. बिया मात्र नामदेव मोजून एका लिफाफ्यात टाकत होता. पुरावा होता तो.

शेवटी सगळे गावंडेकाकूंकडे वळले. त्यांनी मुद्दाम शेवटचा नंबर घेतला होता. एक ऑलिव्ह उचललं, वास घेतला, तोंडात टाकलं. डोळे मिटले. या गालातून त्या गालात नेलं. मी पदर नीट केला.

काकूंनी बी काढून तळहातावर ठेवली, डोळे उघडले, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लोनचं." मग माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "खिरनीचं लोनचं असंच लागत असंल, नाई का वं बाई?"

मी खिडकीबाहेरचं कडुनिंबाचं झाड पाहू लागले.

"झालं तर!" साहेब खूश झाले. "आता फक्त मालकाचा जबाब. मॅडम, लोणचं म्हणजे रोजच्या खाण्यातली वस्तू. तुम्ही हे आधी खात होत्या, असं आलं म्हणजे फाइल पक्की. पूर्वी खाल्लं आहे?"

मी तोंड उघडायच्या आत काकू बोलल्या, "हौ न! लिहा साहेब, बाईनं मुंबईले खाल्लं आहे!"

साहेबांचं पेन थांबलं.

"मुंबईत? कुठं?"

"असंच... एका ठिकाणी."

"कोणाकडे? त्यांनी आणलं कुठून? ड्युटीची पावती पाहिली होती?" त्यांनी नवा कागद ओढला. "हे सगळं लिहावं लागन, मॅडम. बिनाड्युटीचा माल असंल तं मुंबईले कळवावं लागते. तुमचे मिस्टर सरकारी नोकरीत आहेत न? त्यांचं नाव सांगा, कोणत्या खात्यात?"

आता खिरणी राहिली बाजूला, तुमचे आजोबा चोरट्या मालाच्या फाइलीत जायची वेळ आली! पूल बांधणारा माणूस, आयुष्यात कोणाचा चहासुद्धा फुकट न प्यालेला, आणि त्याच्या नावापुढे ऑलिव्हची चौकशी! मी उभी राहिले.

"साहेब, मी मुंबईत ऑलिव्ह खाल्लेलं नाही."

"मग कुठं?"

"कुठेच नाही. मी ऑलिव्ह आजवर कधीच खाल्लेलं नाही. आज पहिल्यांदा पाहिलं." आणि आता सुरुवात झालीच होती, म्हणून पुढे म्हणाले, "ते लेबलसुद्धा मला वाचता येत नाही."

खोलीत सगळे चावायचे थांबले. साहेबांनी शांतपणे विचारलं, "मग हे लोणचं आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"गावंडेकाकूंवरून," मी म्हणाले.

हे सगळं जसंच्या तसं लिहिलं गेलं, आणि मी त्याखाली माझ्या सुवाच्य अक्षरात सही केली. एक शब्द चुकीचा लिहिलेला होता, तो सहीआधी दुरुस्त करून घेतला.

ड्युटी लोणच्याची लागली, अख्ख्या बाटलीची. बाटलीत दोन ऑलिव्हं उरली होती. एक नमुना म्हणून कचेरीत ठेवावं लागतं, असा नियम निघाला. दुसरं, निकालावर कोणी अपील केलं तर असावं म्हणून. मी म्हटलं, अपील करणारी मीच, आणि मी करणार नाही. साहेब म्हणाले, "आज नाही करणार मॅडम, उद्याचं कोण सांगते?"

निदान पाणी तरी चाखू, असा माझा शेवटचा बेत होता. पण नामदेवने रिक्षात सांडू नये म्हणून ते आधीच खिडकीबाहेर ओतलं होतं, आणि बाटली साबणाने धुऊन, पुसून, कोरडी करून माझ्या हातात दिली. सरकारी कचेरीत स्वच्छतेची इतकी आवड असलेला शिपाई मी पुन्हा कधी पाहिला नाही. त्याच दिवशी पाहायचा होता!

परतीच्या रिक्षात मी धुतलेली बाटली मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "काकू, मी चुकले. मला चव माहीत नव्हती आणि मी थाप मारली."

"मले पयल्याच दिवशी मालूम होतं."

"काय?"

"तुमाले ठाऊक असलं का तुमी सरळ सांगता. ठाऊक नसलं का पदर नीट करता. गुलाबाचा वास म्हनल्या, तवा दोनदा नीट केला."

"मग बोलला का नाहीत?"

"काहून बोलू? गोष्ट इतकी मस्त रंगून राहिली होती!" मग म्हणाल्या, "अन् आज साहेबासमोर मुंबई मीच काहाडली, त्याचा राग नका धरू. इतके दिवस गुलाब ऐकला, तं थोडी मजा मी बी घेतली."

"मजा? अहो, ह्यांची नोकरी जात होती!"

"मले काय मालूम त्याची फाइल होते म्हून! मी त्या वक्ती रामटेकच्या रामाले नारळ बोलून टाकला होता," काकू म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

गुरुवार आला. मी कबुलीचं भाषण तीन मुद्द्यांत लिहून काढलं होतं. व्हरांडा कधी नव्हे इतका भरला होता. पलीकडच्या गल्लीतल्या बायकाही वाती घेऊन आल्या होत्या. मी उभी राहिले आणि मुद्दे विसरले. म्हणाले, "मी ऑलिव्ह खाल्लेलं नव्हतं. अजूनही खाल्लेलं नाही. कसं लागतं, मला माहीत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. जीभ झडली नाही. मी राग, हसू, कुजबुज, सगळ्याची तयारी ठेवली होती. पण माझ्याकडे कोणी पाहतच नव्हतं! सगळ्यांच्या माना गावंडेकाकूंकडे वळल्या होत्या. ऑलिव्ह खाल्लेली प्रताप नगरातली एकमेव बाई त्याच होत्या ना!

"काकू, तुमी सांगा न! लागते कसं?"

काकू सावकाश मांडी बदलून बसल्या. आणि त्यांनी पदर नीट केला.

"पयले असं वाटते का कोनी समुद्र वाळवून जिभेवर ठेवला," त्या म्हणाल्या. (काकूंनी समुद्र कधी पाहिला नव्हता.) "मंग कडू. पन कडू म्हंजे कसं, भर उन्हात कडुनिंबाच्या सावलीत बसल्यावानी, बरं वाटनारं कडू. मंग थोडं दम धरलं का लोन्यावानी मऊ. अन् शेवटी बी चोखत राहिलं न, तं नव्या धानाचा वास येते."

व्हरांड्यात कोणी हलेना. इतकी शांतता माझ्या एकाही प्रकरणाला मिळाली नव्हती. मी हळूच वही उघडली आणि काकूंचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतलं.

पुढे कितीतरी वर्षं कोणी ऑलिव्हची चव विचारली, की मी न अडखळता सांगत असे: आधी समुद्र, मग कडुनिंबाची सावली, मग लोणी, शेवटी नवं धान. लोक थक्क होत. कोणाला मी सांगितलं नाही की हे शब्द दुसऱ्याचे आहेत. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण कोणी विचारलं नाही.

आणि मग मी पहिल्यांदा तुमच्या घरी आले. तुमच्या आईने जेवणाच्या टेबलावर बियांसकट ऑलिव्हची वाटी ठेवली. मी कोणाचं लक्ष नाही असं पाहून एक तोंडात टाकलं. खारट लागलं. मी थांबले. कडू लागलं, पण सावली कुठेच नव्हती. बी चोखत अर्धा तास बसले, धानाचा पत्ता नाही. शेवटी मी तुमच्या आईला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ही ऑलिव्हं खरी नाहीत गं. दुकान बदल."